मायचं पाणी

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या घरचे नाही.

आमच्या बालाघाटच्या घरात मातामाय आहे — आवळ्याएवढा नदीतला गोटा, हळदीने लिंपलेला. तिला रोज सकाळी पाणी, हळद, चिमूटभर तांदूळ. घरी असा की गावाला. प्रवासात ती पितळेच्या डबीत, आणि डबी सुनेच्या ओटीत. हा सासूचा नियम. रेल्वेत, बसस्टँडवर, पाहुण्यांच्या मोरीत — मी पाणी घातलं. एक दिवस चुकवला नाही. फक्त सुतक असेल तर डबीला हात लावायचा नाही.

हे सुतकाचं लक्षात ठेवा.

माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती. सासूच्या माहेरी, बैहरला, लग्न होतं. निघायच्या सकाळी शेजारच्या फोनवर निरोप आला — तिरोडीला माझे वडील वारले. निरोप सासूने घेतला. परत येऊन तिने डबी माझ्या ओटीत ठेवली आणि आम्ही बसमध्ये बसलो. दोन दिवस मी तिथे पुऱ्या लाटल्या. वरातीत नाचलेसुद्धा. घरी परतल्यावर तिने सांगितलं. तोवर वडिलांची माती होऊन गेली होती.

"ऐकल्यावरच सुतक लागते नं वं," ती म्हणाली. "तुले सांगतलं असतं तं मायले पाणी कोणं घातलं असतं?"

मी उठून चहा ठेवला.

त्यानंतर सोळा वर्षं गेली. मी वाट पाहत होते का? नाही म्हटलं तर खोटं ठरेल.

मग तिचे मोतीबिंदू पिकले. ऑपरेशनसाठी नागपूरला आठ दिवस राहायचं होतं. निघण्याआधी मी डबी उघडली, मातामायला काढलं आणि माझ्या शिलाई मशीनच्या खणात टाकलं. तिच्या जागी तेवढाच मँगनीजचा काळा तुकडा ठेवला. वडील तिरोडीच्या मँगनीज खाणीत कामाला होते. माहेरच्या घरातल्या त्यांच्या फळीवरून मी तो आणला होता. वरून हळद चोपडली.

गाडीत सासूने डबी हातावर तोलली. मँगनीज जड असतं. समोरच्या बाईला ती कौतुकाने सांगू लागली, "माय भरली वं बाई! तिले प्रवास मानवला."

आठ दिवस मी त्या दगडाला पाणी घातलं, आणि ती तो कपाळाला लावत राहिली. ज्याच्या मातीला तिने मला जाऊ दिलं नाही, त्याच्या दगडापुढे रोज डोकं टेकत होती. मला बरं वाटायचं — दोन भाकरी जास्त जातील इतकं बरं.

पट्टी निघाली तेव्हा तिने आधी डबी मागितली. मी दिली. त्या सकाळी मी हळद धुऊन टाकली होती, नवी लावली नव्हती. पाहू दे, मी मनात म्हटलं. विचारू दे — मग सांगते, कोणाचा दगड आहे ते.

तिने खूप वेळ पाहिलं. मग तिचे नवे डोळे भरून आले.

"काळी पडली माय. माह्या डोळ्यांतला अंधार तिनं आपल्या अंगावर घेतला."

सोळा वर्षं तोंडात धरलेलं वाक्य — ते तेव्हा का नाही बोलले? दया आली म्हणून? नाही. हे अधिक गोड होतं. मी म्हटलं, "हौ, आई."

मरेपर्यंत तिने त्यालाच पुजलं. शेवटच्या सकाळीही विचारलं, मायले पाणी घातलं का? मी हौ म्हटलं.

आता मी शिलाई मशिनी दुरुस्त करत उकवा, मलाजखंड फिरते. डबी पिशवीत पान्याशेजारी असते. बसस्टँडच्या नळावर वडिलांच्या दगडाला पाणी घालते. घरचे म्हणतात, सुनेनं सासूचा नेम राखला.

मातामाय अजून खणातच आहे, बॉबिनींमध्ये. तिने माझं काय वाईट केलं होतं? काहीच नाही. रोज निघताना मी खण उघडते, ती कोरडी आहे ना पाहते, आणि खण लावते.