मागच्या चाकांचं हाउसिंग

वडील गेले ते आम्हा दोघा भावांत एक ट्रक ठेवून. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या लिलावात घेतलेला, लांब नाकाडाचा, ज्याचे सुटे भाग बनणं केव्हाच बंद झालेलं. त्यावर आम्ही विटा वाहायचो. थोरला चालवायचा, मी भरायचो. सत्तर सालच्या आसपासच्या एका उन्हाळ्यात, नागपूरबाहेर बेसा गावाकडच्या कच्च्या रस्त्यावर मागच्या चाकांचं हाउसिंग तडकलं. हाउसिंग म्हणजे दोन चाकांना जोडणारं, मध्ये पोट सुटलेलं बिडाचं धूड. तो म्हणाला, मी विटा जास्त भरल्या. मी म्हणालो, त्यानं गाडी खड्ड्यात घातली. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद.

ट्रक सक्करदऱ्याला घरामागे उभा राहिला. थोरल्याला गिरणीत नोकरी लागली, त्यामुळे गाडी भंगारात देऊन मोकळं व्हायची घाई त्याला. मला दुसऱ्याची चाकरी करायची नव्हती. गाडी गेली की माझं सगळंच गेलं. शेवटी आईनं निवाडा केला. दुसरं हाउसिंग मिळालं तर गाडी राहील, नाही तर जाईल.

उन्हातान्हात मी सगळे कबाडखाने पालथे घातले. रेल्वे रुळांपलीकडच्या एका कबाड्याकडे तसलंच हाउसिंग सापडलं. अख्ख्या नागपुरात तेवढं एकच होतं. ते उचलायला दोन माणसं हवीत म्हणून आईनं थोरल्याला पिटाळलं. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून तो आला.

कबाड्यासमोर आमचा तमाशा सुरू झाला.

"यायले सांगा, डाव्या टोकाचे आटे गेले आहेत," थोरला कबाड्याला म्हणाला.

"त्यायले सांगा, मले डोळे आहेत," मी म्हणालो.

कबाड्याच्या पानाची पिंक माझ्या पायाशी पडली. "सगे भाऊ आहा का वकील? घ्याचं तर घ्या. अन् फाटकाबाहेर गेलं का माल तुमचा. मंग मले तोंड दाखवू नका."

मी घेतलं. हातगाडी बाहेर रस्त्यावर उभी होती. आम्ही हाउसिंगला साखळी गुंडाळली, साखळीत बल्ली, म्हणजे जाड लाकडी वासा, घातली आणि बल्ली खांद्यावर घेतली. मी पुढे, तो मागे. असं ओझं वाहताना बोलायचं मागच्यानं. पुढच्याला ओझं दिसत नाही, म्हणून मागच्यानं "सोड" म्हटलं की दोघांनी एकदम वाकायचं आणि खांदा काढायचा. दोघंही लहानपणापासून हे करत आलो होतो. आमचं बोलणं बंद आहे, हे त्या घडीला माझ्या ध्यानातच नव्हतं. त्याच्या होतं.

फाटक ओलांडून हातगाडीपाशी आलो आणि त्यानं तोंड न उघडता खांदा काढला. बल्ली माझ्या मानेवर आदळली, साखळी निसटली आणि हाउसिंग तिथं पडलेल्या रुळाच्या तुकड्यावर आपटलं. बिडाचं पोट वरपासून खालपर्यंत उललं.

कबाड्यानं आतून डोकावून पाहिलं आणि फाटक लोटून घेतलं.

माझं डोकं फिरलं. बल्ली उचलून मी थोरल्यावर धावलो. त्याचं टाळकं फोडायचंच असं ठरलं होतं. त्यानं मुद्दाम केलं की हट्टानं शिवलेलं तोंड ऐन वेळी उघडलंच नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. तेव्हा तर विचारायचीही शुद्ध नव्हती. तो मागे सरला नाही. खांदा चोळत उभा राहिला आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलला.

"आता तरी विकू दे ना गा."

शिवी दिली असती तर मारलंच असतं. पण तो विनवत होता. रोज गिरणीत जाताना घरामागची ती मोडकी गाडी पाहावी लागते, त्याला तो किती कंटाळलाय, ते त्याच्या आवाजात मला ऐकू आलं, आणि त्याचा मला जास्त संताप आला. रागवायची माझी सोयही त्यानं काढून घेतली होती.

"वीक," मी म्हणालो.

बल्ली मात्र घर येईपर्यंत मी हातातून खाली ठेवली नाही.