थोरलीच्या वाटणीची कलेजी

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही दोघी जावा एकदमच गरोदर होतो. मला तिसरा महिना, थोरलीला पाचवा. तिचा आधी दोनदा गर्भ पडला होता, म्हणून घरात सगळे लाड तिचेच. मी नवी आणि धडधाकट, मला कोण विचारतं?

सासरे गावच्या सोसायटीचे चेअरमन. त्यांच्याकडे येणारे बीडचे साहेब वर्षानुवर्षं आमच्या तलावावर शिकार करून जायचे. त्या साली तलाव तळाला गेला आणि उरलेल्या डबक्याभोवती तितर गोळा व्हायला लागले. सासऱ्यांची बंदूक रोज वाजायची. गाव खडी फोडायला जायचं आणि आमच्या घरात रस्सा शिजायचा.

तितराची कलेजी पोटुशीनं खाल्ली की रक्त वाढतं, असं सासूबाई म्हणायच्या. ती थोरलीच्या ताटात जायची. पाखरं सोलायची मी, मसाला वाटायची मी, आणि तिला आयतं. बोटाएवढा तुकडा तो, पण माझा नुसता जळफळाट व्हायचा. शेवटी मी जेवणच सोडलं. दुसऱ्या दिवशी थोरलीनं आपलं ताट माझ्यापुढे सरकवलं.

"तू खा गं. माझ्यापायी उपाशी न्हाई राहायचं."

मी लाजले नाही. बाळंत होईपर्यंत एक तुकडा तिला मिळू दिला नाही.

मागच्या उन्हाळ्यात जनावरांच्या एक डॉक्टरीणबाई तलावावर मेलेली पाखरं तपासायला आल्या, आमच्याच ओसरीवर टेकल्या. म्हणाल्या, तलावाच्या गाळात पडलेले बंदुकीचे जुने छर्रे शिशाचे. तळ उघडा पडला की पाखरं खडे समजून ते गिळतात, छर्रे पोटात झिजतात आणि शिसं कलेजीत साठतं. पोटुशीनं तर असलं पाखरू खाऊच नये, बाळाच्या मेंदूला बाधतं. मी विचारलं, फार वर्षांपूर्वी खाल्लं असेल तर?

"आता खात्रीनं काही सांगता येणार नाही, मावशी."

माझ्या मुलानं पन्नाशी ओलांडली. सात वर्षं शाळेत बसला, पण त्याला अजून एसटीची पाटी वाचता येत नाही. थोरलीची मुलगी परवा हेडमास्तरीण झाली. मायलेकी पेढे घेऊन आल्या, मी तोंडभर आशीर्वाद दिला आणि आतून जळत राहिले. डॉक्टरीणबाईंचं बोलणं मी थोरलीला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती मला जवळ घेऊन रडेल, आणि तिची कीव मला सोसायची नाही.