बावट्यांच्या झुली

अमानवीय वगैरे म्हटलं की मी हसून पान उलटणारा माणूस... आज स्वतःच लिहायला बसलोय, कारण यात भुतापेक्षा माझी लाजच जास्त आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी नागपूरला, स्टेशनमागच्या एका सरकारी गोडाऊनचा स्टोअरकीपर होतो. खलाशी घडवणाऱ्या, पुढे बंद पडलेल्या एका शाळेचं सामान किनाऱ्यावरून आमच्याकडे येऊन पडलं होतं. एका ट्रंकेत समारंभाचे दोन बावटे – निळं, जाड, दुपदरी रेशीम. तेव्हा कापड औषधालाही मिळत नव्हतं. पोळा तोंडावर, आणि नरखेडकडे शेती बघणाऱ्या दादाच्या बैलांना झुली नाहीत. नागपुरात समुद्राचे बावटे कोण विचारतो? मीच कात्री चालवली, दोन झुली शिवून पाठवल्या.

पोळ्याच्या चार दिवस आधी त्या शाळेचे एक म्हातारे मास्तर आले. पार रत्नागिरीहून, गोडाऊनं पालथी घालत.

"समुद्रात बुडालेल्या आमच्या पोरांची नावं बावट्यांच्या आतल्या पदरावर भरलीत हो," ते म्हणाले. "माझा मुलगाही आहे त्यात. एकदा हात फिरवीन म्हणतो."

"असं काही आलंच नाही," मी म्हणालो. नोकरीची भीती! मास्तरांनी एकदा माझ्याकडे बघितलं. "धर्मशाळेत उतरलोय," एवढं सांगून गेले.

पोळ्याला गावी गेलो. दुपारी तोरणाखाली जोड्या उभ्या. झाडाचं पान हलत नव्हतं, आभाळ कोरडं... आणि झुली फडफडायला लागल्या. फक्त आमच्या! खालून पाणी ठिबकायला लागलं. दादानं बोट लावून चाखलं.

"काहून गा, हे त खारं लागून राहिलं! कुठून आनलं हे कापड?"

मी भर तोरणात झुली ओढून काढल्या.

"अरे, सनाच्या दिवशी बैल उघडे करतं का गा?" दादा ओरडला. सगळं गाव बघत होतं.

तसाच झुली घेऊन नागपूरला परतलो, धर्मशाळेत गेलो. "मास्तर, मी खोटं बोललो."

"ते तेव्हाच कळलं होतं," ते म्हणाले. "म्हणून तर थांबलो."

त्यांनी शिवण उसवली. बोटं एका नावावर थांबली. माझी कात्री नेमकी त्याच्या मधोमध गेली होती.

कापड अजून ओलं होतं. ते पाणी कुठलं, तो वारा कुठला, मला आजही सांगता येत नाही.

मास्तरांनी सुई-दोरा मागितला. त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून सुई मी ओवून दिली. "बरं झालं तुम्ही होतात," ते म्हणाले... आणि मला मान वर करता आली नाही.