पटावर एक मूल कमी

शिक्षकाच्या नोकरीत बाकी काही साठो न साठो, किस्से मात्र साठतात. भिसेगावहून स्कूटी काढून पोशीरच्या पुढे आमच्या शाळेत पोचेपर्यंत डोक्यात एक काळजी तयार असते, आणि परत येताना एक किस्सा.

शाळा म्हणजे दोन खोल्या. मराठी माध्यम, पहिली ते चौथी. शिक्षक दोनच, मी आणि नेरळहून येणारे मुख्याध्यापक मोकल सर. यंदाची काळजी होती पटाची. पट म्हणजे हजेरीवरच्या मुलांची संख्या. चौथीची मुलं बाहेर पडली की तो इतका खाली येणार होता, की आमची शाळा बंद करून मुलांना लांबच्या मोठ्या शाळेला जोडतील, अशी कुजबुज मीटिंगांमध्ये सुरू झाली होती. मोठ्या शाळेला जायचं तर हमरस्ता ओलांडायचा. वरच्या कातकरवाडीची पोरं तिकडे जाणार नाहीत, सरळ घरी बसतील, हे आम्हा दोघांना पक्कं ठाऊक होतं. मुळात मी काळजीखोर, त्यात हे! जेवण गोड लागेना.

*

मे महिन्यात आम्ही पट शोधायला निघतो. म्हणजे भर उन्हात घरोघर जाऊन विचारायचं, "यंदा पहिलीत घालायचं कोणी आहे का?"

एका घरी गेलो, तर ओट्यावर एका इंग्लिश मीडियमच्या मॅडम आधीच बसलेल्या! हातात गुळगुळीत रंगीत माहितीपत्रक. घरातल्या आजोबांनी दोन्ही पार्ट्यांना कोकम सरबत दिलं.

मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडे कॉम्प्युटर लॅब आहे."

सर म्हणाले, "आमच्याकडे मुलाला समजतं."

मग सरांनी आपलं ठरलेलं भाषण सुरू केलं. मूल आपल्या भाषेतच फुलतं, पाया आपल्या भाषेतच पक्का होतो, वगैरे. सर बोलायला लागले की मलासुद्धा परत पहिलीत बसावंसं वाटतं! मॅडमही काही कमी नव्हत्या. शेवटी आजोबाच वैतागले.

"नातू येकच हाय. अर्धा अर्धा वाटून घ्या आन् जावा घरी!"

नातू अख्खाच्या अख्खा मॅडमकडे गेला. सर दोन दिवस हा किस्सा सांगून हसत होते. मला काही हसू आलं नाही.

*

मग आम्ही सेमी-इंग्लिश सुरू केलं. गणित इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. पालकसभेत मी जोरदार जाहीर केलं. टेंपो चालवणारे सुनीलदादा सभा संपल्यावर हळूच जवळ आले.

"बाई, सगळं झकास हाय. तेवढी थोडी फी लावा."

"अहो दादा, सरकारी शाळा आहे. फुकट आहे!"

"तेच तर! फुकट हाय म्हनून घरात माझं कोनी ऐकत नाय. बायको म्हनते, चांगलं असतं तर पैशे घेतले नसते का?"

यावर काय उत्तर द्यायचं, हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नाही.

*

ट्रेनिंगवरून आठवलं. आदेश हल्ली मोबाईलवर येतात आणि मोबाईलवरच विरतात. मराठीच्या पुस्तकात मध्ये मध्ये इंग्रजी शब्द आले, मग ते पुस्तकच बदललं. पहिलीपासून तिसरी भाषा शिकवायची असं आलं, म्हणून मी धास्तावून सुट्टीत हिंदीचे तक्ते रंगवत बसले. रंग वाळायच्या आत ते थांबलं!

सर शांत. "बाई, सकाळी आलेला आदेश दुपारपर्यंत उघडायचाच नाही. तोवर टिकला, तर वाचू."

आणि तिसरी भाषा कसली घेऊन बसलात? आमच्या पहिलीतली कातकरवाडीची सोनी घरी आपल्या बोलीत बोलते, आई कामाला जाते त्या बिल्डिंगच्या साइटवर हिंदीत भांडते, माझ्याशी मराठी आणि आकडे इंग्रजीत. मी एकदा कळवळून विचारलं, "सोने, जड जातं का गं?"

"नाय बाई. तुमालाच आमचं येत नाय ना!"

*

पालकांचं म्हणणं पडलं की मुलं शाळेची वाटत नाहीत, टाय पाहिजे. सरांनी कर्जतच्या बाजारातून इलॅस्टिकचे लाल टाय आणले. पोरं इतकी खूश की काही जण टाय घालूनच झोपायला लागली.

चौथ्या दिवशी दुसरीतला ओम शाळेत नाही. घरी विचारलं तर आई म्हणाली, "सकाळीच गेलाय की!" विहीर, ओढा, सगळं बघून झालं. सरांनी मोटरसायकलवरून सगळ्या वाटा पालथ्या घातल्या. मी तर देवाला नवससुद्धा बोलून मोकळी झाले.

दुपारी फोन आला. नाक्यावर उभ्या असलेल्या ओमला, टाय बघून आपलाच समजून, इंग्लिश शाळेच्या व्हॅनवाल्याने उचलून आत बसवलं होतं! डबा खायच्या वेळेपर्यंत तिथे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

सरांनी त्याला परत आणलं. मी आधी त्याला जवळ घेतलं, मग ओरडले. "अरे, बोलायचं नाही का? आपली शाळा ही नव्हे म्हणून?"

"तिथं कोनीच बोलत नव्हतं बाई. मग मी बी नाय बोललो."

*

जून संपत आला. पटाचा आकडा वर कळवायची वेळ आली आणि आमच्याकडे एक मूल कमी. एकच! मी ओळखीपाळखीच्या सगळ्यांना फोन केले. सरांनी तर भाषण करणंही सोडलं होतं.

शाळा सुटल्यावर मी खिडक्या लावत होते, तेवढ्यात दारात एक बाई आली. सोबत छोटी मुलगी. ती वैशाली, सरांची जुनी विद्यार्थिनी. आता नेरळच्या एका इंग्लिश शाळेत पहिलीला शिकवते. मला वाटलं, सरांच्या पाया पडायला आली असेल. पाया पडली, आणि म्हणाली, "सर, हिचं नाव घाला. पहिलीत."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुमच्या शाळेत तर शिक्षकांच्या मुलांना फी माफ असते ना गं?"

"माफ आहे सर. पण तिथं मी शिकवते, मला माहितीये ना. हिचं इथंच घाला." मग तिने आवाज खाली आणला. "फक्त तिकडे कुणाला कळू देऊ नका. माझी नोकरी जाईल."

माझा जीव भांड्यात पडला. पट भरला! शाळा राहिली! सोनी राहिली! मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटत होतं. सर मात्र सावकाश, वळणदार अक्षरात नाव लिहीत होते. लिहून झालं तरी पेन खाली ठेवेनात.

"नाही कळू देणार," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "तूही माझं एक काम कर. माझ्या लेकीची मुलगी यंदा तुझ्याच वर्गात आहे. तिच्याकडे जरा लक्ष ठेव."