सोंड काठावर चढली तेव्हा

आमच्या काकांचा एक किस्सा काढला की मागून दुसरा आपोआप निघतो. पहिले हसत सांगते. शेवटचा मात्र हसत सांगता येत नाही.

काकांचा मळा चुडाव्याजवळ, पूर्णेच्या काठी. उन्हाळ्यात रानात वावटळ उठली की तिच्यात भूत असतं म्हणायचं आणि चप्पल फेकून मारायची, ही आमच्याकडची रीत. एकदा काकांनी फेकलेली चप्पल सापडलीच नाही.

"भूत पळालं का?" मी विचारलं.

"पळालं की. जाताना चप्पल घेऊन गेलं."

*

पण ढगातून सोंड लोंबून नदीला टेकली, की तो इंद्राचा हत्ती, पाणी प्यायला आलेला! मग अनवाणी उभं राहायचं, नारळ वाहायचा, पाठ दाखवायची नाही.

मी हैदराबादच्या कॉलेजातून सुट्टीला आले होते. म्हटलं, "काका, वावटळ उन्हानं उठते, ही सोंड ढगाला लटकलेला वाऱ्याचा भोवरा असते. पाण्यावर पांढरी दिसते. काठ चढली की तीच घरांचे पत्रे उडवते."

"तुज्या कॉलेजात हत्ती येतो का पाणी प्यायला?"

"नाही."

"मग तुला काय ठावं?"

*

महसुलाचे गिरदावर साहेब गावात आले, तेव्हा त्यांना म्हटलं, सोंड दिसली की पळा, अशी दवंडी द्या.

"बेटी, ये आसमान का मामला है, हमारी कचेरी का नै."

काकांनी खूश होऊन त्यांना आणखी एक कप चहा पाजला.

*

ऐकलं फक्त काकूनं. भाकरी थापता थापता म्हणाली, "मंग बाईमाणसानं काय करावं?"

"ओघळीत उतरायचं, पालथं पडायचं."

"आन् यांनी हाक मारली तर?"

"ओ द्यायची नाही."

ती पदर तोंडाला लावून लय हसली. काकांच्या हाकेला ओ दिली नाही, असं तिनं जन्मात केलं नव्हतं.

*

रोहिणी नक्षत्रात, भर दुपारी सोंड आली. काका नारळ घेऊन काठावर उभे. चपला मळ्यातल्या पत्र्याच्या खोलीपाशी काढलेल्या. काकू खरंच ओघळीत पालथी पडली. शेजारी मी.

सोंड वाळूवर चढली आणि बघता बघता मातकट झाली.

काका ओरडले, "आगं, ह्ये तर भूत हाय! माजी चप्पल आण!"

मी काकूचा हात घट्ट धरला. तिनं तो सोडवला आणि खोलीकडं पळाली. खोली तेव्हाच उडाली.

काका नदीत फेकले गेले, वाचले. काकू पत्र्याखाली सापडली.

भेटायला येणाऱ्यांना काका सांगत होते, "मरेपर्यंत माजा शब्द खाली पडू दिला न्हाई तिनं."

बैठकीतल्या साऱ्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.