डाव्या दारातलं पाणी

माझी चूक आधीच सांगून टाकते. दुसऱ्यांच्या चुका चव्हाट्यावर मांडताना मी कधी आढेवेढे घेतले नाहीत.

आमच्या जुन्या गाडीचं पुढचं डावं दार भर पावसाळ्यात लॉक होईना. चावी फिरवली की तीन दारं टक्‌ करून बंद व्हायची, चौथं गप्प. मालवणच्या रस्त्यावर, आमच्या फाट्यावर एक गॅरेज आहे. तिथल्या मेस्त्रीकाकांनी दारातली लॉकची मोटर बदलली आणि म्हणाले, "गाडी दोन दिस ठेय गो. दारात पाणी साठता. कित्याक ता बघूक होया."

मला कुठले दोन दिवस? खाडीतल्या वाळूउपशाविरुद्ध ओरोसला जिल्हा कचेरीसमोर धरणं होतं, पत्रकांचे गठ्ठे वाटायचे होते. "काका, माका येळ नाय."

"पुढारणीक येळ नाय, मगे दाराक खंयसून गावतलो?" ते हसले आणि चावी दिली.

पंधरा दिवसांत दार पुन्हा बिघडलं, तेही धरण्याच्या जागी. तिथेच उभ्या उभ्या मी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं : फाट्यावरच्या गॅरेजात जुना माल नवा म्हणून बसवतात, ग्राहकांनो, जागे व्हा. पत्रकं लिहून लिहून हात असा तयार झालेला की पुरावा नसला तरी वाक्य अडत नाही. मेस्त्रीकाकाही ग्रुपवर होते. त्यांनी वाचलं, उत्तर दिलं नाही. ते गप्प बसले म्हणजे कबूल झाले, असं मी धरून चालले. इतरांनी मजकूर शेजारच्या गावांच्या ग्रुपांवर पाठवला. मला बरंच वाटलं, हेही लिहायला हवं.

"गाडी तेच्याकडेच व्हर," बाबा म्हणाले. "वीस वर्सा तोच बघता."

"खंयच्या तोंडान जाऊ?"

"ज्या तोंडान बोललंस त्याच."

मी हट्टाने दार घरीच उघडायला घेतलं. फ्यूज ठीक होता. दाराच्या कडेचा खटका स्क्रूड्रायव्हरने दाबून पाहिला, तो जड चालत होता. कान लावून बाबांना चावी फिरवायला सांगितली, मोटरचा आवाजच नाही. मग आतलं प्लास्टिकचं पॅनल ओढून काढलं. दोन क्लिपा मोडल्या. आत तळाशी पाणी तुंबलेलं, मोटरच्या जोडावर हिरवा गंज. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती बुजली होती. हात घातला तर मूठभर लगदा हाती आला.

"दारात शेण सारवलंस काय गो?" बाबा म्हणाले. मग त्यांनी एक तुकडा सोडवून उजेडात धरला. "ह्या तुझा मा?"

माझंच होतं. धरण्याची पत्रकं मी काचेच्या फटीत खोचून ठेवायची, हाताशी असावीत म्हणून. काच खाली केली की ती आत सरकायची, आणि मला वाटायचं वाऱ्याने गेली. बाबांच्या हातातल्या तुकड्यावरची एक ओळ अजून वाचता येत होती : जाब द्यावाच लागेल.

भोकं मोकळी केली, गंज घासला, खटक्याला ग्रीस लावलं. दार टक्‌ करून बंद झालं. त्या आवाजाचा मला जराही आनंद झाला नाही.

लगदा पिशवीत घालून मी फाट्यावर गेले. काकांनी ऐकून घेतलं. पिशवीत बघितलंही नाही. "दार बरा झाला मा? मगे झाला."

ग्रुपवर मी माफी लिहिली. चारपाच अंगठे आले. आधीचा मजकूर ज्यांनी गावोगाव पाठवला होता, त्यांच्यातल्या एकानेही हा पुढे पाठवला नाही. मी कोणाला जाब विचारणार?

मागच्या महिन्यात ब्रेकचं काम काढलं, तेव्हा काकांनी चावीबरोबर एक प्लास्टिकची पिशवी हातात दिली. आत काढलेले जुने ब्रेक पॅड आणि नव्यांचा रिकामा खोका.

"ह्या कित्याक, काका?"

"बघून घे. आता सगळ्यांकच देतंय."

माझ्यामागे एक रिक्षावाला उभा होता. त्याच्याही हातात तसलीच पिशवी होती.