शिव्यांचं प्रूफ

आमच्या सोसायटीच्या इतिहासात एका दुपारी सर्वांत जास्त शिव्या देण्याचा मान माझ्या बायकोकडे जातो. त्याही तिने स्वल्पविरामांसकट दिल्या.

आता हे वाचून तुमच्या डोळ्यांसमोर पदर खोचून, कमरेवर हात ठेवून उभी असलेली एखादी बाई आली असेल, तर ती पुसून टाका. शैला तशी नाही. ती भाजीवाल्याला, "भाऊ, दोडका जरा जून वाटतोय का हो?" असं विचारते आणि तो "नाही" म्हणाला की तोच दोडका घेऊन येते. अशा बाईच्या तोंडून त्या दुपारी जे जे बाहेर पडलं, त्याला सर्वस्वी मी जबाबदार होतो. मी आणि माझा धंदा.

मी नाशिक रोडला एका छोट्या छापखान्यात मुद्रितशोधक होतो. नोटांच्या नव्हे! (हे मला प्रत्येक लग्नात सांगावं लागतं, कारण नाशिक रोड आणि छापखाना म्हटलं की लोक आधी माझ्या खिशाकडे बघतात.) आमच्याकडे लग्नपत्रिका, कॉलेजची वार्षिकं आणि पतसंस्थांचे अहवाल छापले जायचे. लग्नसराईत मी प्रुफं घरी आणायचो. शैला मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि मी प्रुफावर पेन्सिल फिरवायचो. या वाचनाचे नियम कडक होते. सूर लावायचा नाही. विरामचिन्हंसुद्धा वाचायची. शंका आली की तो शब्द दोनदा, मोठ्याने. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे अर्थाकडे लक्ष द्यायचं नाही. अर्थाकडे बघितलं की अक्षर सुटतं. हा शेवटचा नियम मीच तिला शिकवला होता. तिने तो इतका मनावर घेतला की इंग्रजी पत्रिकाही ती न अडखळता वाचायची आणि शेवटी विचारायची, "अहो, हे लग्न होतं की मुंज?"

तर २००० नंतरची ती वर्षं. शैलाचा धाकटा भाऊ राजू दिंडोरीहून आला आणि त्याने आमच्याच बिल्डिंगच्या खालच्या गाळ्यात गेम पार्लर टाकलं. चार-पाच कॉम्प्युटर, त्यांच्यापुढे प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि खुर्च्यांवर अख्ख्या नाशिक रोडची पोरं. माझ्या सासऱ्यांची द्राक्षबाग. त्यांना हा उद्योग अजिबात मान्य नव्हता. त्यांनी राजूला बजावलं होतं, "एक वर्ष काय करायचं ते कर. नाय जमलं तर गुमान परत यायचं. फवारणीचा ब्लोअर हितंच उभा हाय." राजूला औषधाच्या वासाने लहानपणापासून उलट्या व्हायच्या. त्यामुळे पार्लर चालणं हा त्याच्यासाठी जगण्यामरण्याचा प्रश्न होता.

आणि पार्लर चालत होतं! दणक्यात चालत होतं! पण आमचे चेअरमन पगारे सर, निवृत्त मुख्याध्यापक, रोज संध्याकाळी खालच्या कट्ट्यावर बसायचे. एका रविवारी त्यांनी कमिटीची मीटिंग बोलावली.

"मी चाळीत वाढलो," सर म्हणाले. "शिव्या मला नवीन नाहीत. पण त्या शटरमागून जे ऐकू येतं ते मी चाळीतसुद्धा ऐकलेलं नाही. पोरं हे गेममधूनच शिकतात. गाळा बंद करावा असं माझं मत आहे."

राजू ताडकन उठला. "सर, माझे गेम तसले नाय! सगळे ओरिजनल हायेत. ज्याच्यात शिव्या हायेत त्याच्या डब्यावर कंपनीच तसं छापती. ते गेम मी बारक्या पोरांना देतच नाय."

त्याने दोन डबे पुढे केले. एक गुंडांच्या टोळ्यांचा गेम. त्याच्या मागे कोपऱ्यात बारीक चौकट आणि चौकटीत इंग्रजीत 'जहाल भाषा' अशा अर्थाची सूचना. दुसरा गाड्यांच्या शर्यतीचा. त्याच्यावर काहीच नाही.

सरांनी चष्मा वर केला. "छापलंय म्हणजे खरं, हे कशावरून?"

हा प्रश्न त्यांनी विचारला आणि अख्खी कमिटी माझ्याकडे वळली. छापलेलं खरं की खोटं हे बघायला सोसायटीत मीच होतो ना! मलाही जरा स्फुरण चढलं. मी म्हणालो, "पुढच्या रविवारपर्यंत अहवाल देतो. या बोराड्यांच्या हाताखालून आजवर एक वेलांटी चुकीची गेलेली नाही." शैलाने माझा शर्ट मागून ओढला होता, पण मला वाटलं कॉलर नीट करतेय.

शनिवारी दुपारी राजूने एक कॉम्प्युटर आमच्या हॉलमध्ये आणून जोडला. स्पीकर मात्र त्याने मुद्दाम खालीच ठेवले. का? तर शेजाऱ्यांना त्रास नको! गेममधली माणसं काय बोलतात ते पडद्याखाली इंग्रजीत उमटत होतंच. मजकूर भराभर पळायचा, माझा चष्मा जुना, तेव्हा कामाची वाटणी आपोआप झाली. राजू खेळणार, शैला वाचणार, मी टिपणार. मी कागदावर तीन रकाने आखले. सौम्य, मध्यम, जहाल.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. महिना डिसेंबरचा होता. नाशिकच्या थंडीत दुपारी सगळ्यांचे पंखे बंद, खिडक्या उघड्या आणि निम्मी सोसायटी गॅलरीत ऊन खात बसलेली. कोणी मटार सोलतंय, कोणी केस वाळवतंय. इतकी शांतता की शेंगेतून दाणा उडाला तरी ऐकू यावा.

"वाच," मी म्हणालो.

शैलाने घसा साफ केला आणि आमच्या येथे श्रीकृपेकरूनच्या सुरात सुरुवात केली. "अवतरण सुरू. गेट आउट ऑफ द कार, स्वल्प, यू..." आणि मग तो शब्द. "उद्गार, उद्गार. अवतरण बंद."

"थांब. तो शब्द पुन्हा."

तिने पुन्हा म्हटला. मोठ्याने, नियमाप्रमाणे.

"अक्षरं सांग."

तिने एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.

"राजू, अर्थ काय रे याचा?"

राजू कानापर्यंत लाल झाला. "दाजी, ताईपुढं कसा सांगू?" त्याने उठून माझ्या कानात सांगितलं.

"असं होय! मग हा मध्यम."

"मध्यम?" राजू किंचाळला. "दाजी, ह्या शब्दावरनं आमच्याकडं दोन भावांची चूल वेगळी झाली!"

"तुमच्या दिंडोरीचं मोजमाप इथे चालणार नाही. हे बघ, सौम्य म्हणजे गाढव, नालायक. मध्यम म्हणजे..." आणि मी मध्यमची तीन-चार उदाहरणं दिली. "आणि जहाल म्हणजे..." जहालची मी दोनच दिली, पण निवडक दिली. (शाळेत असताना मी बसस्टँडच्या मागे राहायचो. हा साठा तिथला.)

शैलाने ती दोन्ही शांतपणे, स्पष्ट उच्चारात, दोनदोनदा म्हणून दाखवली.

"अगं, ही कशाला वाचलीस?"

"तुम्ही अडखळलात ना. मला वाटलं शंका आहे."

असा आमचा कामाचा वेग वाढत गेला. गेममधले गुंडही रंगात आले होते. शैलाचा आवाज मुळात खणखणीत, त्यात लय सापडलेली. "यू डर्टी बास्टर्ड, स्वल्प, आय विल किल यू, पूर्ण." मध्येच माझं "मोठ्याने!" आणि मध्येच राजूचं मराठी भाषांतर. भाषांतरही आता तो कानात सांगत नव्हता. कामात लाज कसली, असं मीच त्याला म्हणालो होतो. जहालचा रकाना खालपर्यंत भरला आणि मी कागद उलटला. डब्यावरची सूचना अगदी अचूक होती. मला त्या परदेशी मुद्रितशोधकाबद्दल आदर वाटला.

मग दुसरा गेम, शर्यतीचा. याच्या डब्यावर सूचना नव्हती आणि पडद्यावरही 'रेडी' आणि 'गो'पलीकडे काही येईना. राजू चहा टाकायला आत गेला, म्हणून मी म्हटलं आपणच दोन चकरा मारून बघू. पहिल्या वळणावर माझी गाडी कठड्यावर आदळली. दुसऱ्या वळणावर मागून एक लाल गाडी आली आणि तिने मला सरळ नदीत ढकललं. मला, नदीत! माझ्या तोंडून जे निघालं ते बसस्टँडच्या मागचंच होतं, पण इतकं जुनं की माझं मलाच आश्चर्य वाटलं.

शैलाने ते लगेच वाचलं. "...च्या आयला घेऊन जा तुझ्या, उद्गार, उद्गार, उद्गार."

"ताई, हे शर्यतीत कुठं आलं?" राजूने स्वयंपाकघरातून विचारलं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात पगारे सर उभे होते. त्यांच्यामागे जिन्यात मटाराचं ताट हातात घेतलेल्या साठेकाकू, आणि त्यांच्यामागे बराच मोठा समाज.

"बोराडे," सर अगदी हळू आवाजात म्हणाले, "घरात काही वाद चाललाय का?"

"छे हो सर! प्रूफ चाललंय."

सरांनी शैलाकडे पाहिलं. शैलाने कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग जिन्यातल्या गर्दीकडे. आपण अर्धी दुपार काय वाचत होतो याचा अर्थ लागायला तिला तेवढाच वेळ लागला. ती जी आत गेली ती रात्रीच्या जेवणालाच बाहेर आली आणि माझ्या ताटात तिने जून दोडका वाढला.

रविवारच्या मीटिंगला मी मान खाली घालून अहवाल वाचला. डब्यावरच्या सूचना अचूक आहेत. जिथे छापलंय तिथे शिव्या आहेत, जिथे छापलेलं नाही तिथे नाहीत. शर्यतीच्या गेममध्ये ऐकू आलेली शिवी गेमची नसून प्रस्तुत तपासनीसाची आहे. खेळणाऱ्याच्या तोंडावर कंपनी सूचना छापत नाही, त्याला कंपनीचा इलाज नाही.

मला वाटलं, मी राजूला वाचवलं.

"म्हणजे गेम चांगले," सर म्हणाले, "आणि शिव्या पोरांच्याच. मग तर गाळा बंद करायलाच हवा."

राजूचा चेहरा पडला. त्याने नाकावर रुमाल धरला. मला वाटतं त्याला तिथेच ब्लोअरचा वास यायला लागला होता. मला फार वाईट वाटलं. आयुष्यात एकदाच बिनचूक अहवाल लिहिला आणि त्याने मेहुण्याचंच दुकान बुडायला आलं. आता घरी कोणत्या तोंडाने जायचं, आणि तिथे ताटात काय येणार, याच विचारात मी होतो.

आणि शैला उठली. कमिटीसमोर ती आजवर कधी बोलली नव्हती. "सर, मला महिनाभर संध्याकाळी दुकानात बसू द्या. त्यानंतर एक शिवी जरी कट्ट्यावर ऐकू आली तरी मी स्वतः शटर ओढते."

"तुम्ही त्यांना रागावणार?"

"नाही हो सर. मला कुठे रागावता येतं!"

शनिवारची दुपार सरांच्या कानात ताजी असावी. "बसा," ते म्हणाले.

सोमवारी शैला लोकरीचे गुंडे घेऊन दुकानातल्या कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसली. थोड्याच वेळात एक कॉलेजचा दांडगा पोरगा हरला आणि त्याने मॉनिटरला उद्देशून एक ठेवणीतली हाणली. शैलाने विणकामावरची नजरही न काढता ती सबंधच्या सबंध, पत्रिकेच्या सुरात परत वाचली. "...स्वल्प, साल्या, उद्गार."

पोरगा लालबुंद. "सॉरी, काकू."

"सॉरी कशाला? मी बरोबर ऐकलं का एवढंच बघतेय. शेवटी उद्गार एक का दोन?"

त्या पोराला घाम फुटला. आपली शिवी रागाशिवाय, सुराशिवाय, स्वेटर विणणाऱ्या बाईच्या तोंडून ऐकणं कोणालाही सोसत नाही. आठवडाभरात पोरं हरली की "अरेरे!" म्हणायला लागली. महिन्याअखेरीस पगारे सर स्वतः आत येऊन बुद्धिबळाचा गेम खेळायला लागले. हरले की ते शैलाकडे बघून ओठ घट्ट मिटून घ्यायचे.

राजूचं दुकान राहिलं. सासरे दर मोसमात द्राक्षांची पेटी घेऊन येतात, दुकानात डोकावतात आणि "चालू हाय व्हय अजून?" असं विचारतात. त्यात कौतुक असतं हे राजूला आता कळतं. एकंदरीत सगळ्यांचं छान झालं.

सगळ्यांचं म्हणजे माझं सोडून. कारण शैलाची ती सवय काही गेली नाही. परवाच अंधारात माझ्या पायाची करंगळी पलंगाच्या पायाला लागली आणि बसस्टँडच्या मागचं एक वाक्य पुन्हा बाहेर आलं. स्वयंपाकघरातून ते तसंच्या तसं वाचून दाखवण्यात आलं, तीन उद्गारांसह. पाठोपाठ शेरा आला, "बरोबर आहे." इतक्या वर्षांच्या संसारात माझं एवढं एकच वाक्य तिने दुरुस्तीशिवाय पास केलेलं आहे.